लहान आकडा

एकशे बारा वेळा.
भट्टीचा दरवाजा, जिना, दोन ड्रोन, मग तो
लोखंडी पोटाचा राक्षस, जो दर वेळी तेच वाक्य बोलून
त्याच गुडघ्यावर कोसळतो.
पेटी उघडते. बूट.
परत बूट.
माझ्याकडे इतके बूट जमलेत की एखाद्या गोमेला पुरावेत.

मला हवेत राखी हातमोजे,
त्यातही तो एकच प्रकार:
मॅगझिन अर्ध्या सेकंदात भरतं
आणि डोक्यात बसलेली गोळी चौदा टक्के जास्त बसते.
चौदा टक्क्यांसाठी हे दळण.
क्लाक्सविकमध्ये पहाटेचे चार, खिडकीवर गारा,
इन्व्हरकार्गिलला विरेमूकडे अजून ऊन,
मागे त्याचा कुत्रा भुंकतोय.
"मार्यून, मला तर विसाव्याच फेरीला मिळाले."
असल्या मित्रांना उंबऱ्याबाहेरच ठेवावं.

सहाला कारखाना. तिथे खरे हातमोजे,
निळे, रबरी, आतून ओलसर.
पट्ट्यावरून साल्मन येतो, मी चिमट्याने काटे उपटते.
इथेही पेट्या भरतात, इथेही कुणीतरी आकडे लिहितं,
फक्त काही चमकत नाही.

माझा बाबा, हानुस, एकोणचाळीस वर्षं ट्रॉलरवर.
डाव्या हाताला साडेतीन बोटं, बाकीची विंचने खाल्ली.
माझ्या खुर्चीमागे उभा राहून
कॉफी भुरकत बघायचा. बोलायचा नाही.
एकदाच विचारलं, "आणि जाळं रिकामं आलं तर?"
म्हटलं, परत टाकायचं.
त्याने अशी मान हलवली, जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मी काहीतरी सरळ बोलले होते.

मग डबल शिफ्टचा आठवडा आला.
सीझन संपायला नऊ दिवस.
"तू जा," बाबा म्हणाला. "मी टाकतो जाळं."
कंट्रोलरवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहून दिलं:
उडी. गोळी. पळ.

विरेमूने नंतर सांगितलं,
तुझा बाप जिन्यावर अकरा वेळा मेला
आणि दर वेळी आमची माफी मागितली, तुमच्या भाषेत.
आम्ही उचलायचो, तो पुन्हा पडायचा.
शेवटच्या फेरीला राक्षसासमोर बंदूक खाली करून उभा राहिला,
त्याचं अख्खं वाक्य ऐकून घेतलं,
मगच गोळी झाडली.
(ते वाक्य नेमकं काय आहे
ते मला आठवेना.)

मी घरी आले तर बाबा झोपलेला.
कीबोर्डवर वीजबिलाचं पाकीट, पाठीमागे
त्याचं ते बोटीवरच्या वहीतलं अक्षर:
बूट ९. शिरस्त्राण ४.
बंदुका ६, वजनदार.
हातमोजे १. आकडा लहान. परत सोडले.

परत सोडले.

नोंद उघडून पाहिली. हो, तेच.
अर्धा सेकंद. चौदा टक्के.
आकडा खरंच लहान होता, पिशवी भरलेली होती,
आणि लहान ते परत पाण्यात, हे
त्याला कुणी शिकवावं लागत नाही.
खेळात मात्र पाणी नाही. तिथे सोडलेलं वितळतं.
मिळालं काय, तर तीन तुकडे भंगार.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला
आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून एक शिवी दिली,
मोठी, बंदरावरची, त्याच्याकडूनच शिकलेली.

सकाळी तो ब्रेडवर लोणी फासत म्हणाला,
"एक हातमोजा आला होता. पिल्लू होतं."
"बरं केलंस," मी म्हटलं.
"वाढेल," तो म्हणाला.

सीझन संपला. नव्या सीझनच्या पहिल्या पेटीतले फुकटचे बूट
त्या हातमोज्यांहून भारी निघाले, नेहमीसारखे.
आता दर गुरुवारी विरेमू मला नाही, बाबाला बोलावतो.
चिकटपट्टीवरचं "पळ" पुसट झालंय,
तसाही तो कधी पळत नाही.

राक्षसाला यंदा नवं वाक्य दिलंय म्हणे.
मी दोनदा त्याला मारलं, ऐकलं नाही.
बाबा उठला की विचारीन.